दप्तर सड्यावर जावं, खिडकी बाजारातच राहावी: नगरपरिषदेच्या जुन्या-नव्या कार्यालयांचं परीक्षण

खाडीकाठच्या आमच्या शहरात नगरपरिषदेचं मुख्य कार्यालय बाजारपेठेतून सड्यावरच्या, म्हणजे शहरावरच्या कातळ पठारावरच्या, नव्या इमारतीत न्यायचं की नाही, हा विषय आता सर्वसाधारण सभेपुढे येतो आहे. दिवाळीनंतर बांधकाम, नगररचना आणि पाणीपुरवठा हे तीन विभाग ‘तात्पुरत्या स्वरूपात’ वर गेले. कर, जन्म-मृत्यू नोंद, आरोग्य, लेखा, आवक-जावक आणि अभिलेख कक्ष अजून खालीच आहेत. एकच नगरपरिषद सध्या दोन जागी चालते आहे, त्यामुळे दोन्हीकडची सेवा शेजारी ठेवून तपासता येते. दर्शनी काच, पोर्चचे खांब, सभागृहातल्या खुर्च्या यांबद्दल इथे काही सापडणार नाही. नागरिकाचं काम किती फेऱ्यांत होतं आणि कागद किती वर्षं शाबूत राहतो, ही दोनच मापं लावली आहेत.

या दोन मापांची उत्तरं उलटी येतात. कागदासाठी जुनी जागा धोक्याची आहे आणि माणसासाठी नवी जागा गैरसोयीची. म्हणून ‘सगळं वर’ किंवा ‘सगळं खाली’ असा ठराव होऊ नये. दप्तर सड्यावर जावं आणि खिडकी बाजारात राहावी, असं आमचं स्पष्ट मत आहे.

जुनं कार्यालय खाडीजवळ का, हे आधी समजून घ्यायला हवं. कोकणातल्या जुन्या नगरपालिका बंदराच्या आधाराने वाढल्या. पनवेलची नगरपालिका १८५२ ची. तेव्हा माल गलबतांनी यायचा, धक्क्यावर उतरायचा आणि लगेचच्या पेठेत विकला जायचा. कार्यालयही तिथेच असणं सोयीचं होतं. पुढे गलबतं थांबली, जकात गेली, महामार्ग आणि कोकण रेल्वे आली आणि शहराचं वजन हळूहळू वर सरकलं. कार्यालय मात्र तिथेच राहिलं, कारण एसटी स्टँड, दवाखाने, बँका, झेरॉक्सची दुकानं, स्टँपविक्रेते सगळे त्याच्याभोवती बसले होते. हा गोतावळा ही जुन्या जागेची खरी किंमत. तो वर नेता येत नाही.

खालची इमारत

चिऱ्याच्या जाड भिंती, मंगलोरी कौलं, पुढे पडवी. उन्हाळ्यात पंखा नसला तरी चालतं. रांगेतल्या माणसाला पडवीत सावली मिळते, बसायला कट्टा आहे. चिरा बांधकामाला उत्तम, पण तो पाणी ओढतो. जोत्यातून ओल वर चढते आणि अभिलेख कक्षाच्या भिंतीवर कमरेइतक्या उंचीपर्यंत गिलाव्याला पापुद्रे सुटलेले दिसतात. गिलाव्यावर पांढरी भुकटी येते ती क्षारांची. त्यावर नुसता रंग मारला तर पुढच्या पावसाळ्यात तो फुगून गळतो. आधी गिलावा उतरवून भिंत सुकू द्यावी लागते आणि सांध्यात ओल-रोधक थर घालावा लागतो. हे न करता दर दोन वर्षांनी रंग मारला जातो आहे.

खरा धोका पाण्याचा. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला आपल्या किनाऱ्यावर भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास भरते. कोळी बांधवांचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे पावसाळ्यातल्या उधाणाची सर्वांत वरची पातळी नेमकी कार्यालयीन वेळेत येते. त्याच वेळी वर घाटात जोरात पाऊस असेल तर नदीचं पाणी खाली येतं आणि खाडी ते घेत नाही. बाजारातली गटारं खाडीत उतरतात. खाडीची पातळी गटाराच्या तोंडाच्या वर गेली की पाणी उलटं फिरतं आणि रस्त्यावरच्या जाळीतून बाहेर येतं. पायरीवर पाणी दिसायच्या आधी मोरीतून, शौचालयाच्या भांड्यातून येतं. त्यामुळे दाराला फळ्या लावून उपयोग होत नाही. गटाराच्या तोंडाला एकाच दिशेला उघडणारी झडप बसवली तर उलटा प्रवाह थांबतो, पण झडपेत प्लास्टिक अडकलं की ती अर्धवट उघडी राहते. मे महिन्यात आणि नंतर दर उधाणाच्या आधी ती साफ करणारा माणूस नेमलेला असावा लागतो.

२२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूण आणि महाडची बाजारपेठ पाण्याखाली गेली. त्याआधी २००५ च्या जुलैतही तेच झालं होतं. राजापूरच्या जवाहर चौकात अर्जुना-कोदवलीचं पाणी येणं ही तर पावसाळ्यातली नेहमीची बातमी. खाडी-नदीच्या काठावरच्या कुठल्याही शहराने तळमजल्यावर कायमस्वरूपी कागद ठेवणं आता थांबवायला हवं. भिजलेल्या गठ्ठ्याचं काय होतं ते पाहिलेल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. लाल रुमालात बांधलेला गठ्ठा पाणी पिऊन फुगतो, रुमालाचा रंग कागदात उतरतो, शिक्क्याची शाई पसरते. दमट हवेत दोन दिवसांत बुरशी धरते. घाईने उन्हात वाळवायला घातलं की पानं वाकडी होतात आणि चिकटतात. सावलीत, पंख्याखाली, मध्ये मध्ये कोरे शोषक कागद घालून आणि ते बदलत राहून वाळवावं लागतं. एका नोंदवहीला कित्येक दिवस जातात. हजार नोंदवह्या असल्या तर तेवढी माणसं आणि पंखे पूर ओसरलेल्या शहरात मिळत नाहीत.

‘जुनी इमारत पाडून तिथेच उंच बांधू’ अशीही एक सूचना आहे. ती ठरावात घेण्याआधी दोन नकाशे समोर ठेवा. एक, पाटबंधारे खात्याच्या पूररेषांचा: निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. दुसरा, सीआरझेडचा, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राचा. २०१९ च्या अधिसूचनेप्रमाणे खाडीलगत भरतीरेषेपासून ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, यांतलं जे कमी तेवढा पट्टा त्यात येतो. जागा त्यात असेल तर आराखड्याला आणखी एक मंजुरी लागते आणि तिचा वेळ कंत्राटदाराच्या वेळापत्रकात कधीच धरलेला नसतो.

वरची इमारत

सड्यावर पाणी चढणार नाही, हा तिचा सर्वांत मोठा गुण आणि तो निर्विवाद आहे. गाड्या लावायला जागा आहे, नगररचनेच्या मोठ्या टेबलांवर नकाशे पसरता येतात, अभियंत्यांना साइटवर जाऊन परत यायला बाजारातल्या कोंडीत अडकावं लागत नाही. बांधकाम परवानगी आता बीपीएमएस या संगणक प्रणालीवर ऑनलाइन असल्यामुळे वास्तुविशारदांच्या फेऱ्याही कमी झाल्या आहेत. हे तीन विभाग वर गेले त्यात चूक झालेली नाही.

पण इमारत खाडीकाठच्या सवयीने बांधली आहे, सड्याच्या नव्हे. सगळ्यात मोठी चूक अभिलेख कक्षाची. तो पहिल्या मजल्यावर, मुळात साधं कार्यालय म्हणून आखलेल्या दालनात दाखवला आहे. हिशेब करून पाहा. तीन फूट रुंद, पाच फळ्यांच्या एका रॅकवर साडेचार मीटर लांबीचे गठ्ठे मावतात. दाबून भरलेल्या कागदाचं वजन मीटरला ४५ ते ५० किलो धरलं तर एका रॅकवर २०० ते २२५ किलो, रॅकचं स्वतःचं वजन वेगळं. तो उभा असतो ०.४ चौरस मीटरवर. मधल्या वाटा धरून सरासरी काढली तरी चौरस मीटरला ३०० किलोच्या आसपास जाते आणि रॅक पाठीला पाठ लावून ठेवले तर आणखी वाढते. इमारतींवरच्या भारांचं भारतीय मानक आयएस ८७५, त्याच्या दुसऱ्या भागात, साठवणीची जागा वेगळी असलेल्या साध्या कार्यालयासाठी चौरस मीटरला २.५ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे २५० किलो भार धरतात. दप्तराच्या खोलीसाठी ५ किलोन्यूटन, म्हणजे दुप्पट. कार्यालय म्हणून घातलेल्या स्लॅबवर दप्तर चढवलं तर आधी मधल्या पट्ट्यात केसासारख्या भेगा दिसतात, खालच्या दालनाच्या छताला. मग पावसाळ्यात त्यांतून खारी दमट हवा सळईपर्यंत जाते, सळई गंजून फुगते आणि काँक्रीटचे टवके पडतात. हे एका वर्षात होत नाही, म्हणून कोणी विचारत नाही.

उपाय साधा आहे. सड्यावर पूर येत नाही, त्यामुळे अभिलेख कक्ष पहिल्या मजल्यावर नेण्याचं कारणच उरत नाही. तो तळमजल्यावर, थेट भरावावरच्या फरशीवर घ्या आणि तिथली बैठक दालनं पहिल्या मजल्यावर पाठवा. वाळवीचा बंदोबस्त जोत्याला आधी करून घ्या. रॅक पावडर कोटिंगचे, जमिनीपासून सहा इंच वर, भिंतीपासून निदान चार इंच सुटे. जुने लाकडी घोडे, फळ्या, पेट्या वर नेऊ नका, वाळवी त्यांतूनच प्रवास करते.

वातानुकूलनाबद्दलही एक गैरसमज दिसला. अभिलेख कक्षासाठी ठरवलेल्या दालनात एसी बसवला आहे आणि तो कार्यालय सुटताना बंद होतो. कोकणातल्या पावसाळ्यात हे न लावण्यापेक्षा वाईट. दिवसभर कपाटं, भिंती, कागद गार होतात. रात्री एसी बंद झाला की बाहेरची दमट हवा आत येते आणि गार पृष्ठभागांवर पाणी धरते. सकाळी पुन्हा एसी. रोजचा हा ओला-सुका खेळ कागदाला सर्वांत जास्त मारतो. चोवीस तास चालणार नसेल तर एसी काढा, उलटसुलट वारा जाईल अशा जाळीच्या झरोक्यांची खोली ठेवा आणि पावसाळ्यात झरोके बंद करून एक आर्द्रताशोषक यंत्र लावा. त्याची पाण्याची टाकी रिकामी करायला कोणाला सांगायचं, ते त्याच दिवशी ठरवा. टाकी भरली की यंत्र आपोआप थांबतं आणि आठ आठ दिवस कोणाच्या लक्षात येत नाही.

पश्चिम बाजूच्या सरकत्या ॲल्युमिनियम खिडक्यांखाली गिलाव्यावर पिवळट ओघळ आहेत. ते मागच्या पावसाळ्याचे. सड्यावर पाऊस उभा पडत नाही, आडवा येतो. खालच्या पट्टीच्या खोबणीत पाणी साचतं, बाहेर जायची भोकं सिलिकॉनने बुजवलेली आहेत, मग वाऱ्याचा झोत आला की साचलेलं पाणी आत उडतं. खोबणीला बाहेरच्या अंगाने ६ ते ८ मिलिमीटरची भोकं पाडून घ्या आणि छज्जा वाढवा. तोवर जूनच्या आधी त्या बाजूला बाहेरून पत्रे किंवा ताडपत्री बांधा, गावातल्या घरांच्या पडवीला झड अडवायला करतात तसं.

अर्थिंगचा विषय सभेत कोणी काढणार नाही, म्हणून इथे लिहितो आहोत. सडा म्हणजे कातळ, आणि कोरड्या कातळात विजेला उतरायला वाट मिळत नाही. साधी सळई ठोकून केलेलं अर्थिंग पावसाळ्यात मोजलं तर आकडा चांगला येतो, मे महिन्यात तोच आकडा बिघडतो. वळवाच्या विजा नेमक्या तेव्हाच. सड्यावर उंच इमारत, शेजारी झाड नाही, त्यामुळे वीज ओढली जाणारच. तडितरक्षक आहे, पण सर्व्हर, यूपीएस आणि राउटरच्या वीजजोडणीवर सर्ज संरक्षक नाहीत. बेंटोनाइट ही ओल धरणारी माती भरलेले खोल खड्डे घ्या, त्यांत पाणी टाकायची नळी ठेवा आणि मोजमाप मे महिन्यात करा.

शौचालयाचा शोषखड्डाही कातळातच आहे. कातळ शोषत नाही. पहिल्या मोठ्या पावसात तो भरेल. त्याला निचऱ्याची वेगळी वाट काढावी लागेल.

उताराची वाट, रॅम्प. जोतं ९०० मिलिमीटर उंच, रॅम्प सात मीटरच्या जरा वर. म्हणजे जवळपास एकास आठ. नियम एकास बाराचा. त्या हिशेबाने १०.८ मीटर लांबी हवी आणि मध्ये थांबायला सपाट टप्पा. आत्ताच्या रॅम्पवर चाकाची खुर्ची एकट्याने चढत नाही आणि ओल्या गुळगुळीत फरशीवर उतरताना हातातून सुटते. दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा २०१६ चा आहे, इमारत त्यानंतरची. इथे सबब चालणार नाही.

खिडकी

आता माणसाकडे येऊ. स्टँडपासून जुनं कार्यालय पायी पाच मिनिटं. सड्यावर जायला थेट एसटी नाही, रिक्षा करावी लागते आणि परतीला ती मिळेलच असं नाही. हे अंतर कोणाला भारी पडतं ते नीट पाहायला हवं, कारण चर्चेत फक्त शहरातले करदाते धरले जातात.

जन्माची नोंद जिथे जन्म झाला तिथे होते, आईवडील राहतात तिथे नाही. शहरातल्या रुग्णालयांत बाळंतपणं आजूबाजूच्या गावांतली असतात. म्हणून दाखल्याच्या खिडकीवर उभी असलेली निम्मी माणसं नगरपरिषदेच्या हद्दीतली नसतातच. ती मतदार नाहीत, सभेत त्यांच्या वतीने कोणी बोलणार नाही. सकाळच्या एसटीने येतात, दुपारच्या एसटीने जातात. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर त्या तारखेपासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून पुढे सगळीकडे जन्मदाखलाच लागतो, म्हणजे ही खिडकी आता आणखी वापरली जाणार. २१ दिवसांच्या आत नोंद विनाशुल्क, ३० दिवसांपर्यंत विलंबशुल्क घेऊन, वर्षाच्या आत वरच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी, त्यानंतर दंडाधिकाऱ्यांचा आदेश. एक फेरी चुकली की माणूस एका पायरीवरून पुढच्या अवघड पायरीवर ढकलला जातो. बाळाचं नाव नंतर घालायला येणारेही खूप.

मृत्यूनोंद आणि स्मशानाचा पास हे तर बाजारातच हवं. दुःखातल्या घरातून कोणी एक माणूस येतो, बहुतेक वेळा शेजारचा, त्याला दोन कार्यालयं दाखवू नयेत.

सध्याची फोड कुठे फसते ते एका नावबदलावरून कळेल. घर विकत घेतलं, करआकारणी नोंदवहीत नाव लावायचं. अर्ज, खरेदीखताची सूची दोन, थकबाकी नसल्याचा दाखला, चालू वर्षाची घरपट्टी भरल्याची पावती. हे सगळं कर विभागाचं, खाली होतं. पण थकबाकी नसल्याच्या दाखल्यावर पाणीपट्टीचाही शेरा लागतो आणि पाणीपुरवठ्याचा लिपिक वर गेला आहे. खिडकीवर सत्तरीच्या आजी येतात, प्लास्टिकच्या पिशवीतून घडी घातलेल्या पावत्या काढतात, एकेक सरळ करून काचेला लावून दाखवतात. आतून उत्तर येतं: “आजी, पाण्याचा शेरा वरच्या ऑफिसात मिळेल.” त्या पुन्हा घडी घालतात. वर गेल्या, शेरा मिळाला, खाली येईपर्यंत रोखपाल हिशेब मिटवायला बसलेला असतो. दुसरी फेरी. खालच्या संगणकावर पाणीपट्टीची थकबाकी दिसते, पण तो शेरा देण्याचा अधिकार खालच्या लिपिकाला दिलेला नाही. एका कार्यालयीन आदेशाने मिटणारी ही गोष्ट आहे आणि महिनोन् महिने पडून आहे.

नव्या नळजोडणीतही हेच होतं. अर्ज, प्लंबरचा नकाशा, थकबाकीचा दाखला, आणि रस्ता फोडायची परवानगी. परवानगी बांधकामची, पैसे भरायचे कर विभागाच्या खिडकीत, पावती घेऊन पुन्हा वर. कनिष्ठ अभियंता आठवड्यातून दोन ठरलेले दिवस बाजारातल्या खिडकीवर बसला तर तीन फेऱ्यांची एक होते.

म्हणून खाली काय ठेवायचं हे विभागांच्या नावाने ठरवू नका, कामाच्या साखळीने ठरवा. घरपट्टी-पाणीपट्टीचा भरणा, दोन्हींचा थकबाकी दाखला, असेसमेंट उतारा, नावबदलाचा अर्ज, जन्म-मृत्यू नोंद व दाखले, स्मशान पास, विवाह नोंद, तक्रार, आवक. हे एकाच छताखाली, एकाच टोकनवर. थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती चढते. भरणा अवघड करून शास्ती लावणं नगरपरिषदेला शोभत नाही, आणि वसुलीलाही परवडत नाही. ऑनलाइन भरणा आहे, पण बिलात नाव चुकलेलं असेल तर माणूस आधी दुरुस्ती करून घ्यायला येतो आणि मगच पैसे भरतो.

गणपतीत चाकरमानी येतात तेव्हाचे पाच-सहा दिवस वेगळे धरा. वर्षभराची घरपट्टी, वारसनोंद, आईवडिलांच्या नावाचे दाखले, सगळं त्याच दिवसांत उरकायचं असतं. त्या आठवड्यात खिडक्या वाढवणं आणि दुपारची सुट्टी पाळीने घेणं एवढं केलं तरी वर्षाची बरीच वसुली पदरात पडते. शिमग्याला थोडी कमी, पण तीच गत.

कार्यालय गेलं की मागून बाजार जाईल, असंही बोललं जातं. आपल्याच कोकणात पाहा. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला, ओरोसला सिंधुदुर्गनगरी वसवली, जिल्ह्याची कार्यालयं एका आवारात आली. एका खात्यातून दुसऱ्या खात्यात चालत जाता येतं, हे उत्तम. पण पेठ कुडाळ-कणकवलीतच राहिली. जिल्हा मुख्यालयात माणूस वर्षातून एकदा-दोनदा जातो, त्याला हे चालतं. नगरपरिषदेच्या खिडकीचं तसं नाही.

हलवायचं कसं

वेळ: तुळशीच्या लग्नानंतर ते जानेवारीच्या मध्यापर्यंत. हवा कोरडी असते, मार्चअखेरची वसुली सुरू झालेली नसते. मे महिन्यात घाईने हलवलं आणि वळवाने गाठलं, असं होऊ देऊ नका.

आधी वर्गवारी. ‘अ’ कायम, ‘ब’ ३० वर्षं, ‘क’ १० वर्षं, ‘क-१’ पाच वर्षं, ‘ड’ एक वर्ष. मुदत संपलेले गठ्ठे वर नेण्यात अर्थ नाही, पण ते रद्दीवाल्याला देण्याआधी नाशाची यादी आणि मंजुरी हवी. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ लक्षात ठेवा. जे दप्तर अजून सरकारी ‘सहा गठ्ठे’ पद्धतीने लावलेलं नाही त्याला आधी हात लावा. ‘हलवल्यावर लावू’ म्हणून नेलेलं दप्तर पुढे कित्येक वर्षं पोत्यांतच राहतं.

प्रत्येक गठ्ठ्यावर विभाग, वर्ष, वर्ग, जुना रॅक-फळी आणि नवा रॅक-फळी अशी चिठ्ठी. यादी तीन प्रतींत: एक खाली, एक गाडीबरोबर, एक वर. पोती नकोत, प्लास्टिकचे क्रेट वापरा, एकात वीस किलोच्या वर भरू नका. गाडी बंद असावी, तरी ताडपत्री बरोबर असू द्या. दोन्ही टोकांना लिपिक, दोन्हीकडे सही. एका दिवशी एकच विभाग, आणि संध्याकाळपर्यंत तो फळीवर लागलेला हवा. जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवह्या सर्वांत शेवटी न्या, आणि त्याआधी स्कॅन व अनुक्रमणिका पूर्ण करा. खालच्या खिडकीला उतारा द्यायचा असेल तर वरून वही मागवायची वेळ येता कामा नये.

सर्व्हर शुक्रवारी संध्याकाळी बंद करून शनिवार-रविवारी हलवा. त्याआधी निदान पंधरा दिवस नवी लाइन चालू ठेवून तपासा. बॅकअप घेतला म्हणजे झालं असं नाही, तो दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहा.

पत्ता बदलला तर जीएसटी नोंदणीत १५ दिवसांत दुरुस्ती, टॅनवरचा, म्हणजे करकपातीच्या क्रमांकावरचा, पत्ता, वीजजोडण्या, बँकेची कागदपत्रं, माहिती अधिकाराच्या फलकावरचे अधिकारी. अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा ‘ब’ नमुन्यातला दाखला जानेवारी आणि जुलैत द्यावा लागतो, नव्या इमारतीसाठी तो कोण देणार ते ठरवा. सूचनाफलक दोन्हीकडे हवा. मतदारयादी, निविदा, हरकतींच्या नोटिसा फक्त सड्यावर लावल्या तर त्या वाचायला कोणी जाणार नाही.

ठरावात काय असावं

सभेत तोंडी दिलेलं आश्वासन इतिवृत्तात नसेल तर ते पुढच्या मुख्याधिकाऱ्यांना बांधत नाही. त्यामुळे बाजारातलं नागरी सुविधा केंद्र कायमस्वरूपी, त्यातल्या सेवांची यादी, तिथे नेमलेली पदं आणि वेळ, हे सगळं ठरावाच्या मजकुरात आलं पाहिजे. लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खालच्या सेवा आणि त्यांची मुदत त्याच केंद्राच्या भिंतीवर लावा.

जुन्या इमारतीचा तळमजला गाळे काढून भाड्याने दिला जाणार नाही, हेही लिहून घ्या. बाजारातली मोक्याची जागा रिकामी दिसली की वर्षभरात तसा विषय येतो. नगरपरिषदेची स्थावर मालमत्ता कशी हस्तांतरित करायची हे राज्याच्या नगरपरिषदांच्या १९६५ च्या अधिनियमाच्या कलम ९२ मध्ये आहे, आणि एखाद्या ठरावाची अंमलबजावणी थांबवण्याचा अधिकार कलम ३०८ खाली जिल्हाधिकाऱ्यांना आहे. हरकत घ्यायची असेल तर ठराव क्रमांक व तारीख घालून, प्रत जोडून, लेखी द्या.

खिडकी खाली राहिली तरी पाणी यायचं ते येणारच, तेव्हा ती जागा भिजणार असं धरूनच लावायला हवी. रात्री तिथे एकही मूळ कागद राहू नये. पावतीपुस्तकं, शिक्के, दोन लॅपटॉप आणि रोख पेटी एवढंच साहित्य, दोन झाकणबंद पेट्यांत मावेल इतकं. विजेचे बोर्ड आणि प्रिंटरची फळी जमिनीपासून पाच फुटांवर, टेबलं लोखंडी किंवा दगडी, प्लायवूड नको. एक खिडकी साडेसातशे मिलिमीटर उंचीची, म्हणजे खुर्चीतल्या माणसाचा हात पोहोचेल. भरतीचं वर्षाचं वेळापत्रक आतल्या भिंतीवर. उधाण आणि अतिवृष्टीचा इशारा एकाच दिवशी असेल तर सकाळी अकराला पेट्या उचलून वर जायच्या आणि बाहेर पाटी लावायची: आज खिडकी सड्यावर, स्टँडवरून नगरपरिषदेची गाडी सुटेल.